माफी कोणाच्या पदरची?

कर्ज फेडणारा मूर्ख ठरतो काय, असा प्रश्न कीर्तन आटोपल्यावर आम्हांस अलीकडे पुष्कळदा ऐकावा लागतो. महालात आमचे ऐकावयास खेड्यांवरून कास्तकार येतात, त्यांचा तो प्रश्न. “महाराज, आम्ही घरचं सोनं मोडून सोसायटी भरली, शेजाऱ्यानं नाही भरली, अन् माफी त्याले! हा कुठचा न्याय?” हा मत्सर आहे असे म्हणून मोकळे होता येत नाही. वारकऱ्याला तर नाहीच. कारण कर्जाचे कागद पाण्यात सोडणारा संत आपल्याच परंपरेत होऊन गेला.

तुकोबांच्या घरी सावकारी होती. दुष्काळाने घराची दैना झाली, आणि पुढे त्यांनी कुळांची खते इंद्रायणीच्या डोहात बुडविली, ही कथा लहान पोरासही ठाऊक आहे. मात्र ती सांगताना एक गोष्ट घाईत सुटते. खते बुडण्यापूर्वी वाटणी झाली. धाकट्या कान्होबांना आपला संसार चालवायचा होता. त्यांची निम्मी खते त्यांच्या हाती देऊन तुकोबांनी आपल्याच वाट्याची पाण्यात टाकली. आता बघा, कान्होबांच्या वाट्यास जी कुळे गेली त्यांचे देणे तसेच राहिले. त्यांच्यावर अन्याय झाला काय? आमच्या मते नाही. आपले स्वत्व सोडून तेथे दुसऱ्याचे स्वत्व उत्पन्न करणे, अशी दानाची व्याख्या पाठशाळेत शिकवितात. जे आपले नाही ते सोडता येत नाही, म्हणून तुकोबांनी भावाचे खत सोडले नाही. आणि कान्होबांनाही कोणी खलपुरुष ठरविले नाही.

सरकारची गोष्ट निराळी आहे. सरकारला स्वतःचा वाटा असा नसतोच. काडेपेटी विकत घेणारी मोलकरीणसुद्धा तिच्यावरचा कर भरते, आणि माफीचा पैसा त्याच तिजोरीतून येतो. म्हणजे येथे कान्होबांचीही खते पाण्यात जातात, तीही त्यांना न विचारता. येथे आम्हांस तुकोबांपेक्षा दामाजीपंत जवळचे वाटतात. मंगळवेढ्यास दुष्काळात पंतांनी बादशहाचे कोठार भुकेल्यांना खुले केले. धान्य त्यांचे नव्हते. पण कथा तेथे संपत नाही. पांडुरंग विठू महार होऊन बेदरास गेला, धान्याचे मोल भरले आणि रीतसर पावती घेतली. देवाच्या मनात असते तर बादशहाची वहीच कोरी झाली असती. पण देवाने वही पुसली नाही, भरणा केला. माफ झालेले कर्ज नाहीसे होत नाही, ते कोणीतरी भरतो. तो कोण, हे लोकांना उघड सांगावे, एवढी मागणी न्यायाची आहे.

मग माफी देऊच नये काय? शास्त्र इतके कोरडे नाही. मनूने अठरा व्यवहारपदांत ऋणादान पहिले घेतले हे खरे. पण दामदुपटीचा निर्बंधही त्याच शास्त्रातला: व्याज मुदलाएवढे झाले की पुढे वाढत नाही. बापाचे जुगाराचे व दारूचे कर्ज मुलावर नाही, हेही तेथेच आहे. कर्ज कशाने झाले, हे पाहिल्यावाचून निवाडा नाही. पाऊस न पडल्याने कपाशी करपली, त्यात कास्तकाराचा अपराध कोणता? अपराध नाही तर ‘माफी’ हा शब्दच चुकीचा. सरकारी योजनेच्या नावात २०१७ साली ‘सन्मान’ आला आणि २०१९ साली ‘कर्जमुक्ती’. लोकांच्या तोंडी मात्र माफीच राहिली, आणि ज्याने भरले त्याच्या मनातला सल त्या शब्दातच आहे.

त्याचा हा सल सरकारलाही कळला असावा. २०१७ च्या योजनेत दीड लाखापर्यंत माफी होती, आणि नियमित फेडणाऱ्यास पंचवीस हजारांपर्यंत प्रोत्साहन. डिसेंबर २०१९ मध्ये येथेच, नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात, दोन लाखांची कर्जमुक्ती जाहीर झाली. फेडणाऱ्यांना पन्नास हजारांपर्यंत देण्याचे पुढे २०२० च्या अर्थसंकल्पात ठरले. ती रक्कम हाती पडू लागली २०२२ मध्ये. उशीर झाला, तरी दिले हे योग्यच. पण रेघेची गंमत पाहा. थकबाकी दोन लाखांवर गेली की तो मनुष्य त्या योजनेतून बाहेरच. २००८ साली केंद्राने माफी दिली तेव्हा दोन हेक्टरांची रेघ होती. आमच्या विदर्भात कोरडवाहू सात एकरांचा धनी काय श्रीमंत असतो? ओलिताच्या चार एकरांवर पिकते तेवढे त्याला होत नाही. पण पूर्ण माफी ओलितवाल्यास, आणि ह्यास चौथाईच्या सुमाराची सूट, तीही बाकीचे भरल्यावर.

हा वाद काही कापसापुरता नाही. अमेरिकेत २०२२ साली अध्यक्ष बायडेन यांनी विद्यार्थ्यांच्या कर्जातून दहा हजार डॉलर, व गरिबांच्या मुलांना वीस हजारांपर्यंत, सोडण्याचे जाहीर केले. तेथेही हाच ओरडा झाला: आम्ही राबून फेडले, आणि जो शिकलाच नाही त्याने इतरांचे का भरावे? जून २०२३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ती योजना रद्द केली, पण ती अध्यक्षांना अधिकार नाही म्हणून. न्याय कोणता, हा प्रश्न उरलाच. आपल्या शास्त्रात ऋषिऋण अध्ययनानेच फिटते. विद्येसाठी व्याज मोजावे लागेल, हे त्या काळी कोणाच्या मनात आले नसेल!

फेडणाऱ्याचे दुःख खरे असले तरी तो यादीच्या जवळपास तरी उभा आहे. ज्याने दुसऱ्याचे शेत मक्त्याने केले त्याचे नाव सातबाऱ्यावर नाही. बियाण्याचा पैसा त्याने गावच्या सावकाराकडून उचलला, म्हणून बँकेच्या वहीतही तो नाही. जी शेतमजूर बाई कापूस वेचते, तिला तर कर्ज देण्याइतकी पत कोणी मानलीच नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये कर्जमुक्तीसाठी नागपुरास मोठे आंदोलन झाले. पुढची यादी होईल तेव्हा होईल. ह्या दोघांना तीत कोठे बसवावयाचे, हे आम्ही अजून कोणाच्या तोंडून ऐकलेले नाही. आषाढात धापेवाड्याच्या वाटेवर ते दोघेही आपल्याच दिंडीत असतात.