पुढच्या तारखेची पोस्ट: असणे आणि प्रकट होणे

स्टॅटिक वेबसाइटला स्वतःचे घड्याळ नसते. तिची पाने आधीच तयार करून सर्व्हरवर ठेवलेली असतात आणि वाचक आला की ती जशीच्या तशी त्याच्यापुढे ठेवली जातात. जेकिल (२००८) किंवा ह्यूगो (२०१३) यांसारखा प्रोग्राम लेखकाच्या साध्या मजकूर-फाइली वाचतो, त्या साच्यात बसवतो आणि त्यांची एचटीएमएल पाने बनवतो. या क्रियेला बिल्ड म्हणतात. दोन बिल्डच्या मध्ये महिना लोटला तरी साइटवर एक अक्षर हलत नाही.

अशा साइटवर पोस्ट पुढच्या तारखेला लावायची तर लेखक फाइलच्या माथ्यावर ती तारीख लिहितो. जेकिलमध्ये फाइलच्या नावातही ती असते. बिल्डच्या वेळी प्रोग्राम ही तारीख चालू वेळेशी ताडून पाहतो. ती पुढची असेल, तर वेगळी सूचना दिल्याशिवाय तो ते पान बनवतच नाही. तारीख उजाडल्यावर कोणालातरी पुन्हा बिल्ड करावे लागते. हे काम सहसा क्रॉनकडे, म्हणजे ठरलेल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या व्यवस्थेकडे, सोपवलेले असते.

इथे भारतीय दर्शनांतला एक जुना वाद नव्याने उभा राहतो. लेख लिहून पूर्ण झाला आहे, तारीख मात्र पुढच्या महिन्याची आहे. मग तो आज आहे की नाही?

सांख्यांचे उत्तर 'आहे' असे येईल. सत्कार्यवादानुसार कार्य उत्पत्तीपूर्वीही कारणात असतेच, फक्त अव्यक्त असते. तेल तिळातूनच निघते, वाळूतून निघत नाही. पोस्टचे वाक्य न् वाक्य फाइलमध्ये आहे, त्यामुळे हे म्हणणे पटते. फाइलींचे भांडार सार्वजनिक असेल, तर तिथे जाऊन कोणीही तो लेख तारखेआधीच वाचू शकतो. गुपित राखायचे असलेल्यांनी हे विसरू नये, कारण पुढची तारीख म्हणजे कुलूप नव्हे.

न्याय-वैशेषिक हे मान्य करणार नाहीत. त्यांच्या मते उत्पत्तीपूर्वी कार्याचा प्रागभाव असतो. या अभावाला आरंभ नसतो, पण वस्तू उत्पन्न होताच तो संपतो. त्यांची बाजू वरवर दिसते त्यापेक्षा भक्कम आहे. तारखेआधी त्या पानाचा पत्ता उघडला तर ४०४, म्हणजे 'पान सापडले नाही', हे उत्तर मिळते. पान पडद्याआड दडलेले नसून खरोखरच नसते. शिवाय बिल्ड केवळ झाकण उघडत नाही. नवे पान तयार होताना मुखपृष्ठावरची यादी बदलते, विषयवार सूचीत भर पडते आणि आधीच्या लेखाखाली 'पुढील लेख' हा दुवा प्रथमच येतो. यांतले काहीही लेखकाच्या फाइलमध्ये नव्हते. लेख म्हणजे नुसता मजकूर असे मानले तर सांख्य जिंकतात. इतर लेखांच्या शेजारी, वाचकापुढे असलेले पान म्हणजे लेख असे मानले तर नैयायिक.

बौद्धांच्या सर्वास्तिवादी परंपरेने याच प्रश्नाला तिसरी दिशा दिली. भूत, वर्तमान आणि भविष्य या तिन्ही काळांतले धर्म, म्हणजे अस्तित्वाचे मूलघटक, अस्तित्वात असतात असे ही परंपरा मानते. त्यांच्यातला भेद वसुमित्राने कारित्रावरून, म्हणजे क्रियाशीलतेवरून, सांगितला. जे आपले कार्य करत आहे ते वर्तमान. ज्याने अजून केलेले नाही ते भविष्य. पुढच्या तारखेच्या पोस्टला हे वर्णन नेमके लागू पडते. मात्र वसुबंधूने अभिधर्मकोशाच्या भाष्यात यावर कठोर आक्षेप घेतला: वस्तू सदैव आहेच, तर तिला आपले कार्य आधीच करण्यात कोणते विघ्न आडवे येते?

या विघ्नाचा सर्वांत समर्पक विचार वैयाकरण भर्तृहरीने केला आहे. वाक्यपदीयाच्या तिसऱ्या कांडातील कालसमुद्देशात काल ही ब्रह्माची स्वतंत्र शक्ती मानली आहे आणि तिचे दोन व्यापार सांगितले आहेत: प्रतिबंध आणि अभ्यनुज्ञा. काल काही गोष्टींना प्रकट होण्यापासून रोखतो आणि काहींना प्रकट होऊ देतो. बिल्डच्या वेळी होणारी तारखेची पारख हेच दोन व्यापार करते. मजकूर सिद्ध, साचा सिद्ध, सर्व्हर सिद्ध. उणीव असते ती अनुज्ञेची.

साम्य इथवरच चालते. भर्तृहरीचा काल स्वतंत्र आहे, साइटवरचा काल परतंत्र. नेमलेला क्षण आला आणि कोणी बिल्डच केले नाही, तर अनुज्ञा मिळत नाही. वर्डप्रेसवरही स्थिती फारशी वेगळी नाही. त्याची मूळ व्यवस्था कोणीतरी पान उघडल्यावर नियोजित कामे तपासते, त्यामुळे कोणीच न फिरकलेल्या साइटवर नेमलेली वेळ तशीच टळून जाते. फाइलींची भांडारे सांभाळणाऱ्या गिटहबवरची नियोजित कामे गर्दीच्या वेळी उशिरा सुरू होतात, आणि सार्वजनिक भांडारात ६० दिवस काहीच हालचाल नसेल तर ती आपोआप बंद केली जातात. वर्षभराचे लेख रचून निश्चिंत झालेल्याची साइट अशी मध्येच मूक होऊ शकते.

काल कोणाचा, हेही ठरवावे लागते. १५ ऑगस्ट एवढीच तारीख लिहिली आणि कालविभाग सांगितला नाही, तर ह्यूगो ती यूटीसीप्रमाणे धरतो. भारतात तेव्हा पहाटेचे ५.३० झालेले असतात, तर न्यू जर्सीतल्या मराठी वाचकाकडे १४ ऑगस्टची रात्र नुकती सुरू झालेली असते.

काल असा परतंत्र असल्याने नियोजित लेखाची जबाबदारी कोणाची आणि कोणत्या दिवसाची, हा प्रश्न सुटायला मदत होते. पोस्टमधला 'आज' प्रकाशनाच्या दिवसाकडे बोट दाखवतो, पण तो शब्द कितीतरी आधी लिहिलेला असतो. दरम्यान परिस्थिती पालटली, ज्याची स्तुती केली तो माणूस वेगळाच निघाला किंवा दिलेली माहिती शिळी झाली, तर दोष कालाचा म्हणता येत नाही. बिल्ड होईपर्यंत प्रतिबंध लेखकाच्या हाती होता. तारीख बदलणे किंवा फाइल काढून टाकणे त्याला शक्य होते. म्हणून नियोजित लेखाचे उत्तरदायित्व लिहिण्याच्या नव्हे, प्रकट होण्याच्या दिवशीचे मानणेच न्याय्य आहे. याला एक खरा अपवाद आहे: मधल्या काळात वारलेला लेखक. क्रॉनला मृत्यू कळत नाही. तो ठरल्या दिवशी पान प्रकाशित करतो आणि ते शब्द मागे घेण्याचा अधिकार असलेला माणूस उरलेला नसतो. अशा लेखाला त्या दिवसाचे मत समजणे मृतावर अन्याय करणारे आहे.

हा अन्याय आणि वाचकाची फसगत दोन्ही टाळण्याचा मार्ग सोपा आहे. लेख कधी लिहिला आणि कधी प्रकाशित झाला, या दोन्ही तारखा पानावर छापाव्यात. सणाच्या शुभेच्छांना त्याची गरज नाही. मत, सल्ला, वृत्त आणि श्रद्धांजली यांना मात्र ती आहे. ह्यूगोमध्ये या दोन तारखांसाठी वेगळे रकाने मुळातच आहेत, आणि जेकिलमध्ये तसा रकाना लेखकाला स्वतः जोडता येतो.