उतार कुठे दाखवायचा?

23 सप्टेंबर 1803. आजच्या जालना जिल्ह्यात, असई गावाजवळ, केळणा नदीच्या पलीकडे शिंदे-भोसल्यांच्या फौजा उभ्या होत्या आणि अलीकडे इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली. या भागात नदीला उतार नाही, असं वाटाड्यांनी छातीठोक सांगितलं. वेलस्लीला मात्र दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली. इंग्रजी वृत्तांतात त्यांची नावं पीपळगाव आणि वारूर अशी येतात. इतकी जवळची गावं, आणि एकातून दुसऱ्यात जायला वाटच नाही, हे त्याला पटेना. उतार असणारच, असं त्याने धरलं. तो होता. तिथून नदी ओलांडून तो शिंद्यांच्या डाव्या बगलेवर आला.

पाश्चात्त्य देशांत इंच-सव्वा इंचाचे सैनिक रंगवून टेबलावर लढाया खेळणाऱ्यांचा एक जुना छंद आहे. असईची लढाई त्यांच्या आवडीची. ती मांडणाऱ्यापुढे पहिला प्रश्न येतो तो या उताराचा. नदी केली, पाण्यावर वॉर्निशचे थर दिले आणि उताराच्या जागी चार पांढुरके खडे चिकटवले, की शिंद्यांच्या बाजूचा खेळाडू पहिल्याच चालीत तिथे तोफा आणून ठेवणार. उतार अजिबात दाखवला नाही, तर वेलस्ली होऊन खेळणाऱ्याने ओळखायचं कशावरून? म्हणून दोन गावं समोरासमोर ठेवायची आणि गप्प बसायचं. माझ्या मते या छंदातलं सगळ्यात अवघड कसब हेच. टेकड्या कुणीही करतो.

अर्थात टेकड्यांनाही डोकं लागतंच. फोमचे निळे-गुलाबी तक्ते तापल्या तारेने कापायचे. त्यांवर स्प्रेचा रंग थेट मारला तर फोम विरघळतो, म्हणून आधी फेव्हिकॉलसारख्या गोंदात रंग कालवून ब्रशने एक हात द्यायचा. उभ्या पिकाचं शेत हवं असेल तर काथ्याचं पायपुसणं कापून ठेवतात, आणि ते खरोखरच कापणीला आलेल्या गव्हासारखं दिसतं. पण टेकडीचा उतार निसर्गात असतो तसा केला, तर त्यावर सैनिक उभे राहत नाहीत, घसरतात. मग टेकडी पायऱ्यापायऱ्यांची करावी लागते. रान दाट केलं तर त्यात पलटण शिरणार कुठून? म्हणून झाडं सुटी, उचलता येतील अशी. गाव म्हणजे तीन-चार घरं, कारण खरं गाव त्या मापात केलं तर रणांगणाला जागाच उरायची नाही. टेबलाची रुंदीसुद्धा माणसाचा हात मध्यापर्यंत पोचेल एवढीच, बहुधा चार फूट. बघणाऱ्याला जे सुंदर वाटतं ते खेळणाऱ्याला अनेकदा अडचणीचं असतं, आणि मांडणाऱ्याला आपल्या हातचं सौंदर्य स्वतःच कमी करावं लागतं.

एच. जी. वेल्स या इंग्रज कादंबरीकाराने 1913 साली ‘लिटल वॉर्स’ नावाचं छोटं पुस्तक लिहिलं. लाकडी ठोकळ्यांची आणि पुठ्ठ्याची घरं, डहाळ्यांची झाडं आणि स्प्रिंगच्या खेळण्यातल्या तोफा, असा त्याचा खेळ होता. त्यात एक साधा नियम आहे: मुलूख एका खेळाडूने मांडायचा आणि कोणत्या बाजूने लढायचं ते दुसऱ्याने निवडायचं. मांडणाऱ्याच्या वाट्याला उरलेली बाजू. पंगतीत वाढणारा शेवटी बसतो, तसंच हे. पण त्यामुळे मांडणाऱ्याचा हात आपोआप सरळ राहतो. आपल्यासाठी सोयीची टेकडी करून ठेवली, तर तिच्यावर उद्या समोरचाच बसेल!

वेल्सच्याही आधी, प्रशियात, राइसविट्झ नावाच्या बापलेकांनी हा खेळ सैन्याच्या शिक्षणासाठी घडवला होता. बापाने 1812 साली राजासाठी खास टेबल केलं, जमिनीचे सुटे तुकडे हवे तसे जुळवता येतील असं. राजाला साजेसंच होतं ते. मुलाने 1824 साली ते देखणेपण सोडून साधा नकाशा घेतला, पण पंचाला मानाची जागा दिली. खेळाडूंनी हुकूम लिहून पंचाकडे द्यायचे, आणि ज्याच्या माणसांना जेवढं दिसू शकेल तेवढंच पंचाने त्याला दाखवायचं. दोघांत मला मुलगा मोठा वाटतो. टेबल पैशाने होतं. सगळं ठाऊक असूनही थोडंच सांगणारा माणूस मिळवावा लागतो.

लढाई मांडण्याचं काम किती नाजूक आहे ते असईतच कळतं. वेलस्ली बगलेवर आलेला पाहताच शिंद्यांच्या कवायती पलटणींचा सेनानी पोलमन याने सगळी फळी काटकोनात वळवली. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात जागा अरुंद, त्यामुळे मोठ्या फौजेला पसरायला वाव कमी. हे बेचकं टेबलावर चार बोटं रुंद झालं तरी लढाई बदलते. पुढे इंग्रजांच्या उजवीकडची तुकडी चुकून असई गावाच्या रोखाने गेली, 74वी पलटण तिच्यामागे गेली आणि तोफांखाली भाजून निघाली. ही चूक खेळाडूकडून करवून घ्यायची का? मुळीच नाही. हुकूम नीट पोचला की नाही, ते फार तर फाशावर सोडावं. मूळ निकालच पुन्हा लावायचा असेल, तर माणसं बोलावण्यात अर्थ नाही.

शिवाय ज्याने इतिहास वाचलाय, त्याला उतार ठाऊकच असतो. जाणकार मंडळी मग लढाईचा वेष बदलतात. नदीला दुसरं नाव, गणवेश दुसऱ्याच देशाचे, गावं तेवढी समोरासमोर. आणि खेळाच्या दिवशी, महिनोन्‌महिने खपून मुलूख करणारा हा माणूस टेपपट्टी हातात घेऊन टेबलाच्या टोकाशी उभा राहतो, कुणी विचारलं की वाकून सैनिकाच्या डोळ्यांच्या उंचीवरून पाहतो आणि सांगतो, इथून तुला दिसत नाही.

आपल्याकडे दिवाळीत अंगणात किल्ले होतात, मावळे मांडले जातात, लोक पाहतात, कौतुक करतात आणि जातात. यंदा त्या किल्ल्यावर दोन मुलांना खरंच खेळू द्या. एकाने गड राखावा, दुसऱ्याने घ्यावा. किल्ला जिने रचला तिला पंच करा, आणि चोरवाट कुठे ठेवली आहे ते तिला आधी विचारू नका.