रात्री दहाचा फॉर्म

सांगलीतल्या एका विमा कंपनीच्या शाखेत विनायक सेल्स मॅनेजर होता. मार्च म्हणजे विमाधंद्याची सुगी. पगारदारांना कलम 80सी याच महिन्यात आठवायचं आणि तासगावकडं बेदाण्याचे पैसे हातात यायला लागायचे. शाखेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर साहेबांचा तासातासाला एकच प्रश्न: "लॉगिन किती?" म्हणजे किती फॉर्म दाखल झाले. उत्तराला उशीर झाला की सगळ्यांदेखत नाव घेऊन पाणउतारा. रविवारची सुट्टी रद्द. मुलगी झोपल्यावर घरी यायचं, ती उठायच्या आत बाहेर पडायचं. कुणी कुरकुर केली तर साहेब म्हणायचे, "एप्रिलमध्ये झोपा." एप्रिलमध्ये नवं टार्गेट यायचं.

31 मार्चला रात्री दहा वाजता विनायक तासगावजवळ एका बागायतदाराच्या शेडमध्ये बसला होता. टॅबवर फॉर्म उघडलेला, बाराच्या आत केस लॉगिन व्हायला हवी. आरोग्याचे प्रश्न आले तसा तो न वाचताच "नाही, नाही" करत खाली सरकू लागला. बाजूला क्रेट लावणाऱ्या मालकीणबाई म्हणाल्या, "ओ साहेब, यांना शुगर हाय बरं का. रोज गोळी चालू हाय. तेवढं लिवा." तेवढ्यात फोन वाजला. साहेबच. विनायकनं फोन खांद्यात धरला आणि टॅबकडं बघतच म्हणाला, "वहिनी, ते नंतर बघू. दादा, ओटीपी आला असेल, सांगा." दादांनी सहा आकडे सांगितले. झाली सही.

शुगर लिहिली असती तर वैद्यकीय तपासणी लागली असती, हप्ता थोडा वाढला असता आणि केस एप्रिलमध्ये गेली असती. एवढंच. शाखेचं टार्गेट पूर्ण झालं, साहेबांना ट्रॉफी मिळाली.

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर दादा हार्ट ॲटॅकनं गेले. पॉलिसीला तीन वर्षं झाली नव्हती, म्हणजे विमा कायद्याच्या कलम 45 प्रमाणे कंपनीला खोलात जाऊन चौकशी करता येत होती. दवाखान्याच्या कागदावर जुना मधुमेह निघाला. माहिती लपवली म्हणून दावा फेटाळला.

वहिनी पत्र घेऊन शाखेत आल्या. आरडाओरडा नाही. एवढंच म्हणाल्या, "मी तर सांगितलं होतं." साहेब म्हणाले, फॉर्मवर तसं नाही. आणि फॉर्मवर खरंच तसं नव्हतं.

विनायकनं त्याच दिवशी रात्री लेखी जबाब दिला: बाईंनी आजार सांगितला होता, मी लिहिला नाही. त्याच कलम 45 च्या स्पष्टीकरणात म्हटलं आहे की, विम्याचा करार ज्यानं जुळवला तो कंपनीचाच प्रतिनिधी धरला जातो. त्याला सांगितलं म्हणजे कंपनीला सांगितलं, असा वहिनींच्या वकिलानं त्यावरून मुद्दा मांडला. तक्रार पुण्याच्या विमा लोकपालांकडं जाणार असं दिसताच कंपनीनं पैसे दिले. विनायकची नोकरी मात्र गेली. साहेबांची बदली झाली, तीही वरच्या पदावर. असंच होतं.

साहेबांच्या जागी आलेल्या मॅडमनी दोन गोष्टी केल्या. संध्याकाळी सातनंतर फॉर्म भरायचा नाही, आणि आरोग्याचा प्रत्येक प्रश्न गिऱ्हाइकाला मराठीत वाचून दाखवायचा. त्यानंतरच्या पहिल्या मार्चमध्ये शाखा मागं पडली, मुख्यालयातून बोलणी बसली. त्या मार्चच्या पॉलिस्यांचा तेराव्या महिन्यातला हप्ता मात्र पूर्वीपेक्षा जास्त लोकांनी भरला. वाचून समजून घेतलेली पॉलिसी माणसं सहसा सोडत नाहीत, हे धंद्यातल्या जुन्या एजंटांना कुणी सांगावं लागत नाही.

तुमच्याकडं मार्चअखेरीला घाईत काढलेली पॉलिसी असेल, तर तिच्यासोबत आलेली फॉर्मची प्रत आज काढा आणि आरोग्याची उत्तरं वाचा. चूक दिसली तर कंपनीला लेखी कळवा आणि पोच घ्या. आणि रात्री दहाला विमावाला दारात आला, तर त्याला चहा पाजा, घरी पाठवा आणि सकाळी बोलवा.