ढगाची वाट, पाखरांची वाट

आषाढ लागला की रामटेकच्या गडावर कालिदासाची आठवण निघते. ‘मेघदूता’तला रामगिरी तो हाच, हे मत महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी आग्रहाने मांडले. छत्तीसगडातल्या रामगडाची बाजू घेणारे अभ्यासकही आहेत. पण प्रभावतीगुप्ता या वाकाटक राणीचा रिद्धपूर ताम्रपट रामगिरिस्वामीच्या चरणांपाशी दिला गेला, हा पुरावा रामटेककडे झुकणारा आहे. मीही त्याच श्रद्धेने हा गड चढतो, आणि उत्तरेकडे पाहताना दर वेळी मन मात्र दक्षिणेला, समुद्रापलीकडच्या लंकेत जाते.

त्याचे कारण काव्यातच आहे, पण आधी काव्याची वाट पाहू. पत्नीला ढगाकरवी निरोप धाडणारा यक्ष स्वतः कुठेही जात नाही. शापाने तो एका जागी बांधला गेला आहे, आणि म्हणूनच वाट त्याला इतकी स्वच्छ दिसते. आम्रकूट, रेवा, विदिशा, क्षिप्रा, दशपूर, कुरुक्षेत्र, कनखल असे एकेक ठिकाण तो ढगाला समजावतो. निरोप पोचण्याची घाई असूनही वाट वाकडी करून उज्जयिनी पाहूनच जा, असे सांगतो. प्रत्यक्ष निरोप काव्याच्या अखेरीस थोडक्या श्लोकांत येतो. पूर्वमेघ सगळा वाटेचाच आहे. जो जाऊ शकत नाही, त्याच्या ओढीतून ही गावे उमटली आहेत.

‘मेघदूता’चा टीकाकार मल्लिनाथ याने एक जुने मत नोंदवले आहे: रामाने हनुमंताकरवी सीतेला धाडलेला निरोप मनात धरून कालिदासाने हे काव्य रचले. उत्तरमेघातही मैथिली आणि पवनपुत्र यांची आठवण आहेच. म्हणजे रामगिरीवरच्या या काव्याच्या मुळाशी एका बेटावरचे नगर, लंका, आहे. सुंदरकांडातला हनुमान रात्रीच्या लंकेत घरोघर फिरतो. नगर शत्रूचे आहे, तरी त्याचे वैभव तो मोकळ्या डोळ्यांनी पाहतो. परक्या गावाकडे असे निर्मळपणे पाहता येणे हा प्रवाशाचा पहिला गुण, आणि तो आदिकवीने एका दूताला दिला.

पुढे हा काव्यप्रकार खरोखरच समुद्र ओलांडून गेला. चौदाव्या-पंधराव्या शतकांत सिंहली कवींनी संदेशकाव्ये लिहिली, पण ढगाऐवजी पाखरे धाडली: मोर, हंस, पारवा, कोकीळ, राघू, मैना. राजा सहावा पराक्रमबाहू याच्या काळात, तोटगमुवच्या विजयबा पिरिवेना या बौद्ध विद्यालयाचे प्रमुख भिक्षू श्री राहुल यांनी ‘सेललिहिणि संदेशय’ रचले. त्यातली मैना राजधानी कोट्टेहून केलनियाला जाते. अंतर थोडे आहे, पण रस्ता, नदी, घाट, विहार सारे सावकाश पाहत जायचे आहे. ‘कोकिल संदेशया’तला कोकीळ बेटाच्या दक्षिण टोकाच्या देविनुवरहून, म्हणजे आजच्या डोंड्राहून, थेट उत्तरेच्या जाफन्याला जातो. तिथे राजपुत्र सपुमल आहे. त्याने ते राज्य जिंकले आहे. एका पाखराच्या वाटेवर जवळजवळ अख्खे बेट येते.

रूप तेच राहिले, पण आशय पालटला. यक्षाचा निरोप एका विरही माणसाचा. लंकेतली पाखरे बहुतेकदा राज्याची प्रार्थना घेऊन निघतात. राजकन्येला पुत्र व्हावा, हे मागणे घेऊन श्री राहुलांची मैना केलनियाला ज्या देवाकडे जाते, तो देव आहे विभीषण. रामाच्या डोंगरावरून सुटलेली काव्याची वाट शतकांनंतर विभीषणाच्या दाराशी पोचली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. सिंहली कवींनी वाट सांगण्याची रीत घेतली आणि तिच्यात स्वतःची गावे भरली.

या गावांचे पुढे काय झाले? पोर्तुगीजांच्या काळात, 1565 साली, कोट्टे सोडून देण्यात आले. 1588 साली देविनुवरचे देवालय उद्ध्वस्त झाले. तरीही त्या नगरांच्या वेशी, तिथली देवळे, तिथले रस्ते यांविषयी आज काही बोलता येते. पाखरांना सांगितलेली वाट काव्यात शाबूत आहे, आणि इतिहासकारही तिचा आधार घेतात.

आता रामटेकच्या पायथ्याकडे यावे. इथून जवळच नगरधन आहे. वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन ते हेच मानले जाते. कालिदासाचा ढग गडावरून निघतो आणि उत्तरेला वळतो. शेताच्या मातीचा वास त्याला येतो, पण विदर्भातले एकही नगर त्याच्या वाटेवर नावाने येत नाही. उज्जयिनीला कवी मिळाला. कवीच्या गडाखालची राजधानी काव्याबाहेर राहिली. 2015 ते 2018 या काळात महाराष्ट्राचा पुरातत्त्व विभाग आणि डेक्कन कॉलेज यांनी नगरधनला उत्खनन केले, तेव्हा प्रभावतीगुप्तेच्या नावाची मातीची मुद्रा हाती आली. ती शोध म्हणून मोठीच. पण तिथल्या बाजारात संध्याकाळी कोण बोलत बसे, पावसाच्या पहिल्या सरीला कोणत्या गच्चीवर कोण धावत येई, हे ती मुद्रा सांगू शकत नाही. उज्जयिनीबद्दल असले प्रश्न आपल्याला पडत नाहीत.

नगरे पडतातच, त्यांचे पडणे कवीला थोपवता येत नाही. पण कुणीतरी प्रेमाने वाट सांगितलेली असेल, तर पडलेल्या नगरातही पुढच्या माणसाला फिरता येते. लंकेतल्या भिक्षूंनी हे ओळखले आणि कोसा-दोन कोसांची वाटही काव्याला अपुरी मानली नाही. आपल्याला अजून ते करायचे आहे. मनसर, नगरधन, खिंडसी, कामठी, कन्हान ही रोजच्या येण्याजाण्यातली ठिकाणे आहेत, आणि रोजची म्हणूनच ती वर्णनाविना राहतात. जिथे आपण राहतो तिथली वाट परक्या माणसाला नीट, सावकाश, ओढीने सांगता येणे, हेच रामगिरीच्या कवीचे ऋण मानण्याचे खरे रूप आहे.