‘झोप’ लिहिलेल्या रकान्यात

चि. मृण्मयी,


तुझा सिनॉप्सिस आणि मुलाखतीची प्रश्नावली, दोन्ही वाचून काढलं. डायलिसिसवर असलेल्या नवऱ्याचं सगळं करणाऱ्या बायकांचं जगणं हा विषय तुझ्या हाताखालचा आहे, तेव्हा निवड चांगलीच. हल्ली एम.एस्सी. नर्सिंगची बरीच मुलं आकडेवारीचा ताप नको म्हणून फिनॉमिनॉलॉजीकडे, म्हणजे जगलेल्या अनुभवाच्या अभ्यासाकडे वळतात. तुझं तसं दिसत नाही, म्हणून सविस्तर लिहायला बसले आहे.

पहिला प्रश्न काढून टाक. ‘पतीच्या आजारामुळे आपल्या जीवनावर कोणते परिणाम झाले?’ परिणाम विचारले की माणसं यादी देतात. पैसा गेला, झोप गेली, मुलांच्या शिक्षणाची आबाळ झाली. यात खोटं काहीच नसतं, पण हे तू गावात न जाताही लिहू शकली असतीस. त्यापेक्षा म्हण, ‘परवा डायलिसिसचा वार होता ना? पहाटे उठल्यापासून सांगा.’ आणि मग गप्प बस. तू लहानपणापासून बडबडी, म्हणून हे मुद्दाम सांगते.

मी सिस्टर म्हणून नोकरीत असताना डायलिसिस युनिटबाहेरच्या बाकावर एक बाई नेहमी दिसायची. नवऱ्याचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा, दर वेळी चार तास. पहाटेची एसटी गाठून यायचं आणि दिवेलागणीला परत जायचं. ‘पाण्याचं कसं करता?’ असं मी विचारलं असतं तर ती म्हणाली असती, ‘मोजूनच देते सिस्टर.’ एकदा कालचा दिवस सांग म्हटलं, तर पाणी वेगळंच निघालं. बाटलीवर तिने पेनाने खुणा केल्या होत्या. चहा त्यातच, आमटीचं पाणी त्यातच. डॉक्टरांनी दिलेलं माप नवऱ्याचं होतं. पण त्याच्यासमोर घटाघटा पाणी पिणं तिला जमेना, म्हणून ती स्वतः मोरीत जाऊन, दार लोटून पाणी प्यायची. पाहुण्यांना तांब्या द्यायचा तोही ओट्यावरच. वजनकाट्यावर दोन डायलिसिसच्या मधल्या काळात किती किलो वाढले एवढंच आपल्याला दिसतं. त्या घरात तहान ही लपवायची गोष्ट झाली होती, हे आपल्या कुठल्याच चार्टवर नव्हतं.

तीच बाई रात्री त्याच्या हातावर हात ठेवून झोपायची. डायलिसिससाठी हातात केलेल्या फिस्टुलाचा थ्रिल, म्हणजे कातडीखालची थरथर, लागतो का ते रोज बघायचं, हे आपणच शिकवतो. तो थांबला म्हणजे आत गुठळी झाली असावी, लगेच धावायचं. तिला ‘थ्रिल’ वगैरे शब्द नको होते. ‘मांजर गुरगुरल्यावानी लागतंय, लागलं की डोळा लागतो,’ म्हणायची. रात्रीत दोन-तीनदा जाग यायची ती त्यासाठीच. तो कुशीवर वळला आणि हात अंगाखाली गेला की हिला झोपेतच कळायचं. शरीर हे जग कळण्याचं साधन आहे, हे तत्त्वज्ञ मेर्लो-पाँतीने 1945 च्या आपल्या ग्रंथात शेकडो पानं खर्चून मांडलं. तो ग्रंथ वाच, जड आहे पण वाच. वाचताना त्या बाईचा तळहात आठव.

आता आकडे. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने 2019 मध्ये आणि पुन्हा 2024 मध्ये देशभर वेळ-वापर पाहणी केली. पहाटे चार ते दुसऱ्या दिवशी पहाटे चार, अर्ध्या-अर्ध्या तासाचे रकाने. 2024 च्या पाहणीत घरच्यांची बिनपगारी देखभाल करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी 137 मिनिटं वेळ जातो, पुरुषांचा 75. हे मोजलं गेलं ही फार मोठी गोष्ट आहे. आकड्यांना नाक मुरडणाऱ्या संशोधकांचा मला राग येतो. पण त्या बाईची मध्यरात्र कुठल्या रकान्यात गेली असती? ‘झोप’. तुझं काम तिथे सुरू होतं. रकान्यात ‘झोप’ लिहिलेल्या त्या अर्ध्या तासात काय चाललं होतं, ते तिच्याच तोंडून, तिच्याच क्रमाने बाहेर आलं पाहिजे. बाकी सगळं सर्वेक्षणवाले तुझ्यापेक्षा चांगलं करतात.

सिनॉप्सिसमध्ये ‘माझे पूर्वग्रह मी बाजूला ठेवीन’ असं एका ओळीत लिहून मोकळी झाली आहेस. फिनॉमिनॉलॉजीचा जनक हुसर्ल मूळचा गणिती. ठाम समजुती कंसात ठेवून, समोर दिसतंय ते दिसतंय तसं आधी नोंदवा, असं त्याचं म्हणणं. त्याचाच मदतनीस राहिलेला हायडेगर म्हणाला की माणूस जगातच रुतलेला असतो, बाहेर उभं राहून बघायला जागाच नाही. त्या भांडणात तू पडू नकोस. तुझी अडचण साधी आहे: तू त्याच युनिटची सिस्टर आहेस. सिस्टरसमोर बायका परीक्षा देतात. गणवेश घालून जाऊ नकोस. पोटॅशियमचा विषय निघाला आणि तिने ‘कधी कधी नारळपाणी देते’ म्हटलं, तर मुलाखत संपेपर्यंत चेहरा हलू देऊ नकोस. नंतर मात्र नारळपाण्याचं जरूर समजावून सांग. संशोधनापायी माणूस मारायचा नाही.

मुलाखत घरी घेतलीस तर सासू दारात असेल आणि नवरा खाटेवर ऐकत असेल. तो ऐकत असताना ‘मी कंटाळले’ हे कुठलीही बाई म्हणणार नाही. डायलिसिस चालू असतानाचे ते चार तास तिचे मोकळे असतात, तेव्हाच बस. रडू आलं तर रेकॉर्डर बंद कर, आणि पुन्हा चालू करायचा का ते तिलाच विचार.

विश्लेषणासाठी कोलायझीच्या सात पायऱ्या घेतल्यास. 1978 ची ही पद्धत नर्सिंगमध्ये सगळेच घेतात. शेवटची पायरी म्हणजे निष्कर्ष घेऊन पुन्हा त्या बायकांकडे जायचं आणि ‘हे तुमचंच ना?’ विचारायचं. फिनॉमिनॉलॉजीची दुसरी पद्धत मांडणाऱ्या जिऑर्जीला ही पायरी मान्य नाही. त्याचं म्हणणं, अनुभव तिचा असला तरी त्याचं विश्लेषण अभ्यासकाच्या दृष्टीतून झालंय, ते तिने तपासायचं कसं? युक्तिवाद पक्का आहे, तरी मला पटत नाही. गोपाळ गुरू यांचा 2002 चा ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’मधला लेख मिळव. काहींनी सिद्धान्त मांडायचा आणि काहींनी नुसती माहिती पुरवायची, ही आपल्या समाजशास्त्रातली वर्णव्यवस्था त्यांनी उघडी केली. सुंदर सरुक्काई यांच्याबरोबर त्यांचं 2012 चं पुस्तकही आहे. अनुभव ‘जगणं’ म्हणजे त्यातून बाहेर पडायची मुभा नसणं, असा एक धागा त्या वादात येतो. तू मुलाखत संपवून उठशील, ती उठू शकणार नाही. म्हणून तिच्याकडे परत जा. ती म्हणाली ‘हे असं नव्हतं’, तर तेही प्रबंधात लिही.

आणखी एक राहिलं. अनुभवाच्या नादात शिधापत्रिका, म्हणजे घरातली पैशाची बाजू, विसरू नकोस. राज्य सरकारच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिस बसतं, पण सोबत येणाऱ्या बाईची बुडालेली मजुरी बसत नाही. आठवड्यात दोन-तीन रोज बुडाले की मुकादम टोळीत घेत नाही, आणि टोळीतून सुटलेल्या बाईला गावात बोलायलाही कोणी उरत नाही. एकटेपणा असा मजुरीच्या वाटेने येतो. त्याला तू ‘भावनिक पोकळी’ असं गोंडस थीमचं नाव दिलंस तर मी फाडून टाकीन.

गाईडना नमुना लहान वाटतो म्हणतेस. आठ-दहा बायका या पद्धतीला पुरतात. एकेकीला दोनदा भेट, हे मात्र सोडू नकोस. टायपिंग बाहेर देऊ नकोस. ‘पानी’ म्हणाली तर ‘पानी’च लिही, थांबली तर थांबली असं लिही. पहिली मुलाखत झाली की गाईडच्या आधी मला पाठव. तांबड्या पेनात रिफिल भरून ठेवली आहे.

तुझ्या आईला सांग, लोणच्याची बरणी अजून माझ्याकडेच आहे.

तुझी,
मावशी