रविवारच्या रात्रीचे मस्टर

वृद्धांच्या निवासी शुश्रूषेचा विषय निघाला की अलीकडे एक उपाय फार लवकर सर्वमान्य होतो. हॉटेलांना असतात तसे वृद्धाश्रमांना आणि केअर सेंटरांनाही तारे असावेत. नातेवाइकांनी आपला अनुभव नोंदवावा, इतरांनी तो वाचून संस्था निवडावी, वाईट संस्था गिऱ्हाइकाअभावी आपोआप बंद पडाव्यात. चर्चासत्रांतले डॉक्टर असे म्हणतात, या धंद्यात पैसा घालणारे म्हणतात, आणि नवल म्हणजे ज्येष्ठ नागरिकांच्या बैठकांतही माना डोलतात. मला हा उपाय उथळ वाटतो. हॉटेलात जो झोपतो तोच पैसे देतो, तोच तारे देतो, आणि गादी टोचली तर सकाळी तोच निघून जातो. केअर सेंटरात झोपणारा एक, पैसे आणि तारे देणारा दुसरा, आणि निघून जाणे झोपणाऱ्याच्या हातातच नसते.

सेलूत बसून हे जास्त स्वच्छ दिसते. मनमाडहून सिकंदराबादकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे, कापसाच्या बाजारावर वाढलेले हे गाव. नूतन विद्यालयासारख्या शाळांनी इथली पोरे शिकवली आणि शिकलेली पोरे पुण्याला गेली. त्यात तक्रार करण्यासारखे काही नाही. पण मग आई मोरीत घसरते, खुब्याचे हाड मोडते, परभणीला किंवा छत्रपती संभाजीनगरला ऑपरेशन होते, आणि उठणे-बसणे पूर्वीसारखे होत नाही म्हणून मुलगा तिला आपल्या शहरातल्या एखाद्या केअर सेंटरात ठेवतो. सेलूतल्या बहिणीला, चुलत्यांना, शेजाऱ्यांना ती आता फोनवर दिसते. केस विंचरलेले, डोक्यावर वाढदिवसाची टोपी, समोर केक. सगळा ग्रुप हात जोडतो. तो व्हिडिओ खोटा नसतो. केक खरा असतो, टोपीही खरी असते. फक्त तो दुपारी चारचा असतो आणि कमरेच्या वरचा असतो.

सेलूच्या रस्त्यावर ‘नर्सिंग होम’ अशी पाटी दिसते, ती वेगळ्याच सोयीची. खाली ओपीडी, वर दहा-पंधरा खाटा, डॉक्टर पुष्कळदा त्याच इमारतीत राहणारे. रुग्ण दाखल झाला की पहिला प्रश्न येतो, पेशंटजवळ कोण थांबणार? भांडे देणे, कूस बदलणे, पेज भरवणे, सलाईन संपत आले की सिस्टरला हाक मारणे, हे सारे त्या थांबणाऱ्याचे काम, आणि थांबणारी बहुतेक वेळा सून किंवा लेक असते. सरकारी दवाखान्यातही खाटेशेजारी सतरंजी टाकून झोपलेली बाई दिसेलच. गाव दवाखान्याची पारख करते ती ‘डॉक्टरच्या हाताला गुण आहे’ एवढ्यावर. सिस्टरच्या हाताचा गुण कोणी विचारत नाही, कारण शुश्रूषा घरच्यांनीच करायची हे गृहीत असते. मग हीच शुश्रूषा विकत घ्यायची वेळ आली की ती तपासण्याची नजर आपल्याजवळ नसते. आपण इमारत पाहतो, स्वयंपाकघर पाहतो, संचालकांचे गोड बोलणे ऐकतो आणि आगाऊ रक्कम भरून परततो.

वृद्धाश्रम म्हणजे संस्कृतीचा ऱ्हास, असे म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. त्यांच्यापैकी कितीजणांनी रात्री दोन वाजता कोणाची कूस बदलली आहे, एवढेच विचारावेसे वाटते. भिंतीवरच्या मानांकनाच्या चौकटीवर भिस्त ठेवणाऱ्यांनाही इतकेच सांगतो की ती चौकट तपासणीच्या दिवसाची आहे. तारे-पक्षाला मात्र असे एका वाक्यात वाटेला लावता येत नाही, कारण त्यात लोकांच्या हाती सत्ता दिल्याचा भास आहे.

त्यांचे पहिले म्हणणे असे की पोटच्या पोराला फसवणे कठीण, म्हणून नातेवाईक हाच खरा परीक्षक. मला उलट वाटते. ज्याने आईला तिथे ठेवले तो या प्रकरणात पक्षकार आहे. संस्था चांगली आहे असे त्याला वाटायलाच हवे, नाहीतर उद्या तिला न्यायचे कुठे? त्याने दिलेले पाच तारे त्याच्या जिवाला मिळालेल्या स्वस्थतेचे असतात. हे मी कुत्सितपणे म्हणत नाही. वर्षानुवर्षे रात्री जागलेल्या माणसाला स्वस्थता हवीच. पण मुलाची स्वस्थता आणि आईच्या पाठीची कातडी ही दोन वेगळी मापे आहेत, आणि एकावरून दुसरे काढता येत नाही.

बरे, मग तिलाच विचारा, असे ते म्हणतात. विचारा. खाटेच्या पायथ्याशी तिथली कामाची मावशी उभी असेल तर उत्तर ‘फार चांगलं आहे हो इथं’ हेच येणार, कारण तुम्ही सहाच्या गाडीने परत जाणार आहात आणि मावशी तिथेच राहणार आहे. स्मृतिभ्रंश झालेल्या बाईला तर आज जेवण मिळाले की काल, हेही सांगता येत नाही. राहिला बाजाराचा न्याय. वाईट हॉटेल गिऱ्हाइकाच्या पायाने बंद पडते. इथे गिऱ्हाइकाला पायच नाहीत. संस्था बदलायची म्हणजे पुन्हा अनामत, पुन्हा रुग्णवाहिका, पुन्हा अनोळखी छत, आणि ऐंशीच्या पुढे असा प्रत्येक बदल अंगावर येतो. सगळ्यात मोठी गफलत याहून साधी आहे. ज्यांच्या बाबतीत सर्वांत वाईट घडले ते लिहायला उरत नाहीत, आणि तेरावा उरकल्यावर घरातले कोण अभिप्राय लिहायला बसते?

तारे-पक्षाला अमेरिकेचा दाखला आवडतो, तर तोच पाहू. १९८७च्या कायद्याने तिथे नर्सिंग होमांची तपासणी कडक झाली आणि २००८पासून केंद्र सरकार त्यांना एक ते पाच तारे देऊ लागले. तपासणी सरकारी होती, पण कर्मचारी किती आणि रहिवाशांची प्रकृती कशी, हे आकडे संस्था स्वतः कळवत. २०१४ साली न्यूयॉर्क टाइम्सने नेमकी ही फट दाखवून दिली. पुढे कर्मचारीसंख्येसाठी पगारपत्रकाचा आधार घ्यायचे ठरले, आणि २०१८मध्ये तो ताऱ्यांना जोडला तेव्हा सुमारे १,४०० संस्थांना त्या सदरात एकच तारा मिळाला. कुणाच्या पगारपत्रकात प्रशिक्षित नर्सचे दिवसच्या दिवस रिकामे होते, कुणाला हिशेबच जुळवून देता आला नाही. शनिवार-रविवारचे मनुष्यबळ तर अनेक ठिकाणी रोडावलेले निघाले. इमारती त्याच, रहिवासी तेच, बदलला होता तो कागद. आणि हे सरकारी तपासणीतले तारे होते. नातेवाइकांच्या बोटांनी उमटलेले तारे याहून किती कच्चे असतील?

या साऱ्यात मला एकच भेद महत्त्वाचा वाटतो. काही नोंदी दाखवण्यासाठी केल्या जातात. काही खुणा दुसरेच काम करताना मागे उरतात. कूस बदलल्याचा तक्ता पहिल्या जातीचा: दर दोन तासांनी सही, आणि रात्रभराच्या सगळ्या सह्या एका शाईत, एका झटक्यात केलेल्या. तक्रारपेटी, फोटो, अभिप्रायवही याच जातीची. दुसऱ्या जातीत पगाराचे मस्टर येते, दुधाचे बिल येते, धोब्याचा हिशेब आणि डायपरची खरेदी येते. पंधरा माणसे अंथरुणाला खिळलेली आणि महिन्याला डायपर शंभर, तर गणित सातवीतल्या मुलालाही करता येईल. हे कागद तुम्हाला पटवण्यासाठी लिहिलेले नसतात, म्हणूनच त्यांच्यावर विश्वास ठेवता येतो.

अव्हेडिस डोनाबेडियन यांनी १९६६ साली वैद्यकीय सेवेची गुणवत्ता रचना, प्रक्रिया आणि फलित अशा तीन अंगांनी तपासायला सांगितले, आणि या क्षेत्रातले सगळे तेव्हापासून त्याच वाटेने चालतात. ती त्रिसूत्री मला मान्य आहे. पण माझा भेद तिला आडवा छेद देतो, कारण फलितसुद्धा दाखवण्यासाठी लिहिता येते.

लिहिता येत नाही ते अंगावर असते. माकडहाड, खुबे, टाचा. तिथली कातडी लाल होते, मग काळवंडते, मग उघडते. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९च्या आपल्या पुस्तकातच बेडसोरचा दोष बहुतेक वेळा आजाराचा नसून शुश्रूषेचा असतो, असे बजावले होते. ‘बहुतेक वेळा’ हे शब्द मी मुद्दाम ठेवतो. मधुमेह जुना असेल, रक्ताभिसरण मंदावले असेल, माणूस शेवटच्या आठवड्यात असेल, तर नीट काळजी घेऊनही जखम पडते, आणि प्रत्येक बेडसोरमागे हलगर्जीपणा शोधणे हा चांगल्या सिस्टरांवर अन्याय आहे. तरीही वाढलेली नखे, पांढरी पडलेली कोरडी जीभ, तीन महिन्यांत सैल झालेली बांगडी, यांना दर वेळी मधुमेहाचे कारण पुरत नाही.

इथे एक सापळा आहे. ज्या संस्थेत एकही बेडसोर नाही ती उत्तम, असे म्हणू लागलात तर पहिला नंबर कोणाला मिळेल? जिच्या प्रवेश-अर्जात ‘स्वतःची कामे स्वतः करू शकणारा असावा’ अशी अट आहे तिला. ही अट आपल्याकडे वृद्धाश्रमांत सर्रास आढळते. राज्याची वृद्धाश्रम योजना १९६३ची, मातोश्री वृद्धाश्रम १९९५नंतरचे. २००७च्या केंद्रीय कायद्याने जिल्ह्यागणिक निदान १५० निराधारांची सोय असलेला एक तरी वृद्धाश्रम सुचवला. या सगळ्यात मनात धरलेला वृद्ध चालता-फिरता आहे, भजनाला बसणारा आहे. तो पडला की संस्था घरी फोन करते, ‘येऊन घेऊन जा.’ त्यापेक्षा १८६०च्या दशकातल्या पुण्याच्या डेव्हिड ससून अनाथ पंगु गृहाने, आजच्या ‘निवारा’ने, पंगूंना निदान नावात तरी जागा दिली होती. म्हणून कोणत्याही संस्थेत पहिला प्रश्न मी हाच विचारीन की माणूस अंथरुणाला खिळला की तुम्ही त्याला कुठे पाठवता. ‘इथेच ठेवतो’ असे म्हणणाऱ्यांकडे थोड्या जखमा दिसल्या तरी मी आधी जखमेची तारीख पाहीन: ती बरोबर आली की इथे आल्यावर पडली? दाखल होताना पूर्ण अंग पाहून केलेली नोंद नसेल तर हे कधीच कळणार नाही, आणि ज्यांनी मोडकी माणसे पत्करली त्यांच्याच माथी दोष येईल.

किमान मानकांची भाषा २००७च्या त्याच कायद्यासाठी २०१९च्या डिसेंबरात लोकसभेत मांडलेल्या दुरुस्ती विधेयकात होती. त्याचा कायदा झाला नाही, आणि ते पुन्हा मांडले जाण्याची वाट पाहत बसण्याचे कारणही मला दिसत नाही. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम १९४९चा आहे. आजार आणि इजा यांच्याबरोबर दुर्बलतेने ग्रासलेल्यांना ठेवून घेऊन उपचार व शुश्रूषा देणारी जागा त्याच्या व्याख्येत बसते, आणि अर्हताप्राप्त परिचारिकांचे योग्य प्रमाण नसेल तर नोंदणी नाकारण्याचा अधिकारही त्यात आहे. अंथरुणाला खिळलेल्यांना नळ्या घालून, औषधे देऊन ठेवणारी केअर सेंटरे या कायद्याबाहेर का समजली जातात, हे मला उमगत नाही. परभणीच्या काय, कोणत्याही जिल्ह्याच्या शल्यचिकित्सकांनी अशा प्रत्येक संस्थेकडून दोन कागद मागवावेत: दाखल होतानाची अंगाची नोंद आणि मागच्या चार रविवारच्या रात्रींचे मस्टर, पगारपत्रकाशी ताडून. आणि सेलूहून पुण्याला भेटीला जाणाऱ्यांनी फोन न करता, दिवेलागणीनंतर जावे, हालहवाल विचारावी, आणि पांघरूण बाजूला करून टाचा पाहाव्यात. आईला लाज वाटत असेल तर बहिणीला बरोबर न्यावे.