गर्भ कशाला म्हणावे?

गोठवलेला भ्रूण उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये वर्षानुवर्षे जसाच्या तसा राहतो. त्यात वाढ नाही, क्षय नाही. तो जिवंत आहे, पण त्याला गर्भ म्हणायचे का? भ्रूणरोपणाआधी गर्भाशयाचे अस्तर कसे तयार करतात हे पाहिले, तर या प्रश्नाची एक दुर्लक्षित बाजू दिसते.

पाळी नियमित असेल तर शरीराच्या स्वतःच्या चक्रावर सोनोग्राफीने नजर ठेवतात आणि स्त्रीबीज फुटले की दिवस मोजतात. एरवी पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून इस्ट्रोजेनच्या गोळ्या सुरू होतात. दहा-बारा दिवसांनी पडद्यावर अस्तराच्या तीन रेषा दिसतात का, जाडी सात मिलिमीटरच्या आसपास किंवा पुढे गेली का, हे बघतात. ‘लाइनिंग किती आली?’ असे घरचेही फोनवर विचारू लागतात. मग प्रोजेस्टेरॉन सुरू होते. पाच दिवसांचा भ्रूण सोडायचा असेल तर अस्तरालाही सुमारे पाच दिवस प्रोजेस्टेरॉन मिळालेले असावे लागते. टाकीतला भ्रूण वर्षभर थांबू शकतो; अस्तराची वेळ मात्र दोन-चार दिवसांत टळते.

कोलकात्यात १९७८ साली डॉ. सुभाष मुखर्जी यांनी भ्रूण ५३ दिवस गोठवून नंतरच्या, औषधांनी न ढवळलेल्या चक्रात गर्भाशयात ठेवला होता. सरकारी समितीने त्यांच्या दाव्यावर विश्वास ठेवला नाही. १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९८६ साली टेस्ट ट्यूब बेबी जन्मली, त्या कामात डॉ. इंदिरा हिंदुजांबरोबर असलेल्या डॉ. टी. सी. आनंद कुमार यांनीच १९९७ मध्ये देशातल्या पहिल्या टेस्ट ट्यूब बेबीचा मान मुखर्जींना दिला.

मूळ प्रश्नाकडे वळायचे तर, सुश्रुतसंहिता गर्भासाठी ऋतू, क्षेत्र, अंबू आणि बीज या चारही गोष्टी एकत्र याव्या लागतात असे सांगते. त्यात आजचे विज्ञान शोधू नये; सुश्रुताला संप्रेरके ठाऊक नव्हती. पण एकट्या बीजाला तो गर्भ मानत नाही. चरकसंहिता अधिक नेमकी आहे: शुक्र, शोणित आणि जीव यांचा संयोग कुक्षीत, म्हणजे गर्भाशयात असेल, तेव्हाच ‘गर्भ’ ही संज्ञा. शब्दशः घेतले तर टाकीतला भ्रूण गर्भ नव्हे. मनुस्मृती मात्र स्त्रीला क्षेत्र ठरवून बीजाला श्रेष्ठ म्हणते. हे रूपक आता सोडून द्यायला हवे. अस्तर निमूट जमीन नाही, ते भ्रूणाशी रासायनिक संवाद करते. शिवाय ज्या स्त्रीचे ते आहे ती तास मोजून गोळ्या घेते, इंजेक्शनांनी कंबरेखाली आलेल्या गाठी शेकते, आणि स्त्रीबीज न फुटू देता केलेल्या तयारीत गरोदरपणी रक्तदाब वाढण्याचा जादा धोकाही तिच्याच वाट्याला येतो.

कॅथलिक चर्चची भूमिका वेगळी आहे. १९८७ आणि २००८ च्या व्हॅटिकनच्या दस्तऐवजांनुसार फलनापासूनच भ्रूणाला व्यक्तीसारखा मान द्यायचा, म्हणून गोठवणेच अमान्य. गोव्यातल्या श्रद्धाळू जोडप्यासमोर प्रश्न अस्तरापर्यंत पोचण्याआधीच उभा राहतो. सहाय्यक प्रजननाबाबतचा भारताचा २०२१ चा कायदा फलनापासून ५६ दिवसांपर्यंत भ्रूण मानतो, मग तो टाकीत असो की पोटात, आणि साठवणुकीला साधारण दहा वर्षांची मर्यादा घालतो. चरक जागा पाहतो, कायदा दिवस.

रोपणानंतर दहा-बारा दिवसांनी रक्ततपासणी होते. ती नकारार्थी आली की प्रोजेस्टेरॉन बंद होते आणि काही दिवसांत ते जपून वाढवलेले अस्तर गळून जाते. गर्भस्रावाचे अशौच मनूने जितके महिने तितक्या रात्री असे मोजले. इथे महिनाच भरलेला नसतो. ‘काही राहिलंच नव्हतं,’ असे घरात समजुतीने सांगितले जाते. चरकाच्या व्याख्येने पाहिले तर तेवढे दिवस कुक्षीत गर्भ होता, आणि तिचे रडणे त्याच्यासाठीच असते.